एकशे त्र्याहत्तर नंबरची आणेवारी

पुस्तक झटकलं तर पीठ पडलं.

इतकं बारीक आणि इतकं जुनं, की ते पीठ आहे हे दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने धूळ समजून रुमाल नाकाला लावला. मी बोट फिरवून बघितलं. बाजरीचं. पन्नास वर्षांनी बाजरीचं पीठ ओळखता येतं का, असं कुणी विचारेल. पण खालची गिरणी सोमवारी बाजरी दळायची आणि मी सोमवारीच वर जायचे, म्हणून माझ्यापुरतं ते बाजरीचंच.

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला बाजारामागच्या गल्लीत ती दुमजली इमारत अजून उभी आहे. आणखी महिनाभर असेल, मग तिथे टॉवर येणार. वाचनालयाची पुस्तकं खाली आणून टेबलांवर मांडली होती आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'हवी ती न्या.' सुनेने पेपरातली बातमी वाचून दाखवली आणि म्हणाली, तुम्ही ज्याच्याबद्दल चिडून बोलता ते हेच ना? मी म्हटलं, त्या वाचनालयाशी माझा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून गेले.

'हवी ती न्या' वाचूनच माझं डोकं फिरलं. एका टोपलीपासून सुरुवात करून मी बर्फाचा कारखाना उभा केला, तो घासाघीस करून. मालाला भाव असला की त्याच्याशी बोलता येतं. त्याला खाली ओढता येतं, वर चढवता येतं, पाठ फिरवून निघून जाता येतं. फुकट म्हणजे काय? फुकट म्हणजे कुणाला नकोय.

आणि एके काळी याच पुस्तकांचा भाव करायला आम्ही इथे जमत होतो. सोळा आण्यांत.

त्या काळी गिरणी खाली आणि वाचनालय वर. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की वरची जमीन थरथरायची, कपाटांच्या काचा वाजायच्या आणि शाईच्या दौतीत बारीक बारीक वर्तुळं उठायची. फळ्यांच्या फटींतून पीठ वर यायचं आणि पुस्तकांच्या पाठींवर बसायचं. सोमवारी बाजरीचा वास, मंगळवारी तांदळाचा, बाकी दिवस गव्हाचा. मी पहिल्यांदा वर गेले ती पुस्तकासाठी नाही. दळणाला नंबर लांब होता आणि खाली उभं राहून पाय दुखले होते. मी अठरा वर्षांची होते, शाळा चौथीपर्यंत झाली होती आणि डोक्यावर रिकामी टोपली होती. दाराशी टोपली काढून ठेवली आणि आत डोकावले.

आत सोमण मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली कानावर खोचलेली दुरंगी पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. त्यांनी टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वाचता येतं का? मी म्हटलं, येतं. मग बस की, उभी का.

वर्गणी किती, असं मी विचारलं आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात केली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, इथे वर्गणीची घासाघीस होत नाही, पुस्तकांची होते. तेव्हा मला आणेवारी समजली.

शेतातलं पीक किती आणे आलं हे सरकारी माणूस येऊन ठरवतो, तशी मास्तरांनी पुस्तकांची आणेवारी सुरू केली होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक लांब कागद चिकटवलेला. डाव्या बाजूला पुस्तक नेल्याची तारीख आणि सभासदाचा नंबर, उजव्या बाजूला वाचून झाल्यावर दिलेले आणे. सोळा म्हणजे पूर्ण पीक. आण्यांच्या पुढे एक ओळ लिहायची. एका सभासदाने एका पुस्तकाला एकदाच आणे द्यायचे. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सगळ्या सभासदांची सभा. ज्याची सरासरी बारा आण्यांच्या वर, त्याच्यावर निळी खूण. त्याला निळ्या कापडाची बांधणी मिळायची आणि फळ्यावर शिफारस लागायची. ज्याची चार आण्यांच्या खाली, त्याच्यावर लाल खूण. ते तिथल्या तिथे जो मागेल त्याला विकून टाकायचं, म्हणजे कपाटात जागा होते.

मी पहिल्या पुस्तकाला सहा आणे दिले आणि पुढे काहीच लिहिलं नाही. मास्तरांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"कारण लिही. नुसता भाव कुणीही सांगेल."

मी लिहिलं, 'राजा फार बोलतो. एवढं बोलणाऱ्याचं कोण ऐकेल?' मास्तरांनी वाचलं, पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. ते खूश झाले की ते असंच करत, हे मला पुढे कळलं.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमचं वाचन पावसाळ्यातलं. होड्या वर ओढून झापांनी झाकल्या की गावाला एक वेगळाच वास यायचा, ओल्या सुतळीचा, डांबराचा, चुलीत न पेटणाऱ्या लाकडांचा. बाप ओटीवर बसून जाळं विणायचा. उन्हाळ्यात बांबूंच्या वलांडीवर वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे घरात पिंपांत भरलेले असायचे आणि त्या दिवसांत मी तेच विकायचे. सकाळी सात बंगले, चार बंगले करत चालत अंधेरी गाठायचे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधे मधे ताड, आणि रस्त्यावर आमचीच रांग. परत येताना टोपलीत एक पुस्तक असायचं. ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, दोन कापराच्या वड्या टाकून. माझ्या हातून गेलेल्या पुस्तकाला सुक्या बोंबलाचा वास येतो, असं कुणी म्हणायला नको होतं. म्हणायचे ते एवढंच, की कापराचा वास आला म्हणजे पुस्तक वेसाव्याहून आलं.

पहिल्या दोन पावसाळ्यांत मी काय काय वाचलं ते सगळं आता सांगता येणार नाही, पण भाव आठवतात. एका खुनाच्या गोष्टीला नऊ आणे: 'खुनी तिसऱ्या पानावर कळतो, पण चहा चांगला रंगवलाय.' एका बंगाली कादंबरीच्या भाषांतराला सात: 'सगळे खोकतात. वैद्य कुणीच बोलावत नाही.' एका प्रवासवर्णनाला तेरा, कारण लिहिणाऱ्याने बंदरावरच्या हमालांची नावं विचारून घेतली होती. एका पाकशास्त्राच्या पुस्तकाला एक आणा: 'या बाईंनी मासा कधी साफ केलेला नाही. दोन जागी बोट कापलं जाईल.' हे शेवटचं मास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि माणसं इतकी हसली, की खालून गिरणीवाला बघायला आला.

हळूहळू माझ्या आण्यांना किंमत आली. नाडकर्णी वकिलांच्या बाई माझं रोजचं गिऱ्हाईक. खाली बाजारात त्या माझ्या बोंबलांकडे बघून नाक मुरडायच्या, ओलावा धरलाय म्हणायच्या, पलीकडच्या बाईकडे जायला निघायच्या आणि चार पावलांवरून परत यायच्या. त्याच बाई संध्याकाळी वर येऊन मास्तरांना विचारायच्या, वेसाव्याने कशाला बारा दिलेत, तेच द्या मला. वर मला कुणी नावाने हाक मारत नसे. मी वेसावे. नवे पैसे आले तेव्हा कुणी तरी म्हणालं, आता आणेवारी शंभरात करा. मास्तर म्हणाले, आणे बाजारातून गेले, पुस्तकांतून नाही. आणि फळ्यावर खडूने नवा मथळा लिहिला, 'वेसाव्याची शिफारस'.

मी तो फळा बघायला उगाचच वर जायचे. दळण नसलं तरी.

एकशे त्र्याहत्तर नंबरच्या पुस्तकाला नाव नव्हतं. पहिली आठ पानं कधीच गेली होती, म्हणून कुणी लिहिलं तेही माहीत नाही. गोष्ट कोकणातल्या एका खाडीवरच्या बाईची. नवरा समुद्रावर गेला तो आला नाही. कसा, का, ते बहुधा त्या आठ पानांत असेल. नवव्या पानावर ती नवऱ्याची होडी पाण्यात ढकलते आणि माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायला लागते. कुणालाही विचारत नाही, कुठे चाललात. माणसं आपणहून सांगतात. दोनशे पानं एवढंच. शेवटी ती लग्न करत नाही, मरत नाही, तिला कुणी भेटत नाही. ती होडी उलटी करते, तळ खरवडते आणि रंगवायला घेते.

मी ते आयेला वाचून दाखवलं. आये जवळा निवडत बसायची आणि मी चिमणीशेजारी वाचायचे. बाकीच्या पुस्तकांवर ती मधे मधे बोलायची. राजांना शिव्या द्यायची, खोकणाऱ्यांना काढा सुचवायची, आणि कधी कधी म्हणायची, "पुस्तक वाचून म्हावरा मिलतं काय गो?" या पुस्तकाला ती बोलली नाही. थोड्या वेळाने तिचे हात सुपात नुसतेच राहिले. शेवटचं पान झाल्यावर म्हणाली, "मंग ती होरी रंगवते?"

मी म्हटलं, हो.

"कंचा रंग?"

पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आयेने सुपातला जवळा पुन्हा निवडायला घेतला. मग म्हणाली, निला असल.

त्या पावसाळ्यात ते मी दोनदा नेलं आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी दोनदा. मास्तर विचारायचे, आणे कधी देणार? मी म्हणायचे, अजून संपलं नाही, मी सावकाश वाचते. आयेला ते पाठ व्हायला आलं होतं. मी एखादी ओळ गाळली तर ती थांबवायची. आणि दर वेळी डबा बंद करून पुस्तक परत न्यायची वेळ आली की विचारायची, हे आपल्या घरानच ऱ्हात नाय काय?

आमच्या घरात एकही पुस्तक नव्हतं. पंचांगसुद्धा शेजारचं. मला ते पुस्तक हवं होतं. उसनं नको, घरचं हवं होतं, डब्यात कायमचं. आणि हवी असलेली वस्तू कशी मिळवायची हे मला एकाच रीतीने माहीत होतं.

बाजारात माल आवडला की आवडला असं म्हणायचं नाही. ही रीत मी गिऱ्हाइकांकडून शिकले. ज्याला पापलेट हवं असतं तो आधी त्याचे डोळे लाल आहेत म्हणतो. मग मी कागद उघडून बघितला. एकशे त्र्याहत्तरला तीन सभासदांनी आणे दिले होते, सुरुवात फाटलेली म्हणून हात आखडून: तीन, सहा, तीन. सरासरी बरोबर चार. काठावर उभं होतं. सात बंगल्यांपासून चार बंगल्यांपर्यंत चालताना मी हिशेब केला आणि वर जाऊन उजव्या बाजूला लिहिलं, दोन आणे. कारण लिहायचं होतं. लिहिलं, 'सुरुवात नाही आणि शेवटही नाही. वाचून वेळ गेला.'

लिहिताना टाक कागदात अडकला होता, तेवढं आठवतं.

साडेतीनवर आलेलं पुस्तक सभेत विकायला निघणार, फाटकं म्हणून कुणी मागणार नाही, आणि मी जाता जाता उचलल्यासारखं उचलणार. इतका स्वच्छ डाव मी बाजारातही टाकला नव्हता.

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या. पुढच्या रविवारी हंगामाची पहिली ताजी मासळी अंधेरीच्या बाजारात होती, आणि असा रविवार कोळीण सोडत नाही. मी टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि धुतलेलं लुगडं नेसून, केसांत वेणी माळून वर गेले. निघताना आयेला सांगितलं होतं, संध्याकाळी तुझी होडीवाली घरी येणार.

मास्तरांनी निळी पुस्तकं वाचली, मग लाल वाचली. सात-आठ असतील. एक एक करून ती विकली गेली. एकशे त्र्याहत्तर त्यांत नव्हतं. मास्तर वही मिटायला लागले तेव्हा मी उभी राहिले.

"मास्तर, एकशे त्र्याहत्तर राहिलं."

"राहिलं नाही. ते काढायचं नाही."

मी म्हटलं, त्याची सरासरी साडेतीन आहे. लोक हसले. वेसावे आता मास्तरांचा हिशेब तपासायला लागली, असं कुणीसं म्हणालं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"ते विकायचं नाही गं. वाचायला ने. हवं तितक्यांदा ने."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण राग माझ्या नाकावर असतो. आजही असतो. मी म्हटलं, नियम सगळ्यांना एक आहे की नाही? ते म्हणाले, आहे. मग मी जे बोलले ते नाडकर्णीबाईंसकट सगळ्यांनी ऐकलं. माझ्या हाताला वास येतो म्हणून देत नाही ना? वाचून परत केलं तर चालतं, कोळणीच्या घरात ठेवलं तर बाटतं? यांच्यातल्या कुणी मागितलं असतं तर कागदात बांधून दिलं असतं.

रविवारी गिरणी बंद असायची. जमीन थरथरत नव्हती, काचा वाजत नव्हत्या. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि हातातच धरून ठेवली. मी सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि जिना उतरले.

परत त्या जिन्यावर माझं पाऊल पडलं नाही.

त्यानंतर मास्तर कधी बाजारासमोरून छत्री टेकत जाताना दिसले की मी मान फिरवून माशांवर पाणी मारायला लागायचे. दळण मी दुसऱ्या गिरणीवर न्यायला लागले, दहा मिनिटं लांब. पुस्तकं वाचली, पण रद्दीतली, कुणी टाकलेली, आणि त्यांच्या मागे कागद नसायचा. कुठलं पुस्तक चांगलं हे सांगायला कुणी नव्हतं आणि ऐकायलाही कुणी नव्हतं. पुढे धंदा वाढला. आधी एक टेम्पो, मग दुसरा, मग बर्फ. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही. पण रागावले की लोकांना मी हीच गोष्ट सांगायचे, एका मास्तरने मला एक फाटकं पुस्तक दिलं नाही. माझी मुलं ती ऐकून कंटाळली.

त्या संध्याकाळी आये ओटीवर वाट बघत होती. मी सांगितलं, ते विकलं गेलं, दुसऱ्याने घेतलं. ती चूल पेटवायला आत गेली. पुढच्या पावसाळ्यात जवळा निवडता निवडता म्हणाली, "तू वाचून दाखव ना गो, तशीच. तुना येतं ना." मी आठवेल तसं सांगायला लागले. चार-पाच पानांपर्यंत गेले आणि अडले. तिथून पुढे तिनेच सांगितलं, आणि तिथून पुढे तीही अडली. मग आम्ही दोघी जवळा निवडायला लागलो. असं आणखी तीन पावसाळे. चौथ्याला आये नव्हती.

हे सगळं मी त्या टेबलापाशी उभी राहून आठवत होते असं नाही. हे माझ्याजवळ रोजच असतं.

पाठीवर पांढऱ्या शाईत १७३ दिसलं तेव्हा आधी वाटलं, नंबर चुकला. कारण पुस्तकाला निळ्या कापडाची बांधणी होती. साडेतीन आण्यांच्या पुस्तकाला निळं कापड? मी ते झटकलं, पीठ पडलं ते तेव्हा. मग उघडलं. नववं पान. ती होडी पाण्यात ढकलत होती.

खुर्ची होती, बसले. मागचा पुठ्ठा उघडला. एकाखाली एक चिकटवलेले तीन कागद होते, पहिला पार तांबूस झालेला. डाव्या बाजूला माझा नंबर, एकसष्ट. पुन्हा एकसष्ट. पुन्हा. पुन्हा. चार तारखा, एकाखाली एक, कुणाही आंधळ्याला दिसतील अशा. आणि त्यांच्यासमोर उजव्या बाजूला माझ्याच अक्षरात दोन आणे.

चार पावलं जाऊन पुन्हा त्याच टोपलीपाशी येणारं गिऱ्हाईक मी आयुष्यभर ओळखत आले. त्याने तोंडाने काहीही म्हणावं. पाय खरं सांगतात.

माझ्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं. लाल नव्हे, निळ्या टोकाने. अक्षर बारीक, शाळेतल्या फळ्यासारखं सरळ.

'हे दोन आणे धरू नयेत. हिने हे पुस्तक चार वेळा नेलं आहे. काढू नये. ती येईल.'

त्याखाली पुढची सगळी वर्षं होती. कुणाचे अकरा आणे, कुणाचे चौदा. 'सुरुवात नाही ते बरं.' 'आईला वाचून दाखवलं.' 'दुसऱ्यांदा नेलं.' तिसऱ्या कागदापर्यंत. म्हणजे ते इथेच होतं. जिना चढून आले असते तर कुठल्याही सोमवारी मला मिळालं असतं, आये होती तोवर.

मास्तरांवरचा माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. एवढं एक वाक्य त्यांना तोंडाने बोलता आलं नसतं का? पण मग त्या भरल्या खोलीत त्यांना हेही सांगावं लागलं असतं, की वेसाव्याने खोटे आणे लिहिले. फळ्यावर माझं नाव होतं आणि त्याच्याखाली सगळे बसले होते. ते मला काहीही बोलू देत राहिले, पण हे बोलले नाहीत. फळा कधी पुसला, ते मला माहीत नाही.

"मावशी, हे कसं आहे?"

मघाची रुमालवाली बाई. तिशीची असेल, खांद्याला ऑफिसची पिशवी, हातात दोन-तीन पुस्तकं. माझ्या मांडीवरच्या निळ्या कापडाकडे बघत होती. वाकून तिने पान उलटलं आणि म्हणाली, पहिली पानंच नाहीयेत की. तुम्ही वाचलंय का?

माझं तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते मला ऐकू आलं: काही खास नाही. बाहेर पडायच्या आधी ते दातांत अडलं, एवढंच. एक वाक्य, आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली असती. फुकटच होतं. डब्यात गेलं असतं, कापरासकट.

मी म्हटलं, बस इथे. आणि तिला सांगितलं. खाडीवरची बाई, होडी, कुणाला काही न विचारणं, शेवट. शेवट सांगू नये म्हणतात, पण या पुस्तकाचा शेवट सांगून काही बिघडत नाही. होडी कुठल्या रंगाने रंगवते ते लिहिलेलं नाही, पण निळा असेल, तेही सांगितलं. सोळा आण्यांचं पुस्तक आहे, म्हटलं. तिने आणे म्हणजे काय ते विचारलं नाही, फक्त ऐकत राहिली.

"मग तुम्हीच न्या ना," ती म्हणाली. "तुमचं इतकं आवडतं आहे."

"मी चार वेळा नेलंय. आता तू ने."

तिने पुस्तक घेतलं. जायच्या आधी तिथेच उभी राहून मागचा पुठ्ठा उघडून बघायला लागली, तांबूस कागदावरून बोट फिरवत. मधेच थांबली आणि हसली.

"हे बघा ना, कुणी तरी दोन आणे दिलेत. काय बाई असेल."

"होती एक," मी म्हटलं. "फार घासाघीस करायची."